घरपोच सलाईन देणाऱ्या फार्मसीसाठी संगणक आणि लेबल प्रिंटर: खरेदी लेबलापासून सुरू करा

हाडाच्या संसर्गावर कित्येक आठवडे शिरेतून अँटिबायोटिक घ्यायचं असेल, तर तेवढा काळ रुग्णाने इस्पितळातच पडून राहायला हवं असं नाही. दंडातल्या शिरेतून हृदयाजवळपर्यंत नेलेली बारीक नळी, म्हणजे पिक लाईन, घातलेली असते, नर्स घरी येते, आणि फार्मसी औषध मिसळून बाटल्या किंवा पिशव्या घरी पोचवते. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात म्हणजे गोमेकॉत किंवा मडगावच्या एखाद्या खासगी इस्पितळात सुरू झालेला उपचार रुग्ण पुढे काणकोणात, वाळपईत आपल्या घरी पूर्ण करू शकतो. अमेरिकेत अशा फार्मसींसाठी खास सॉफ्टवेअर बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत: डॉक्टरांचा आदेश, मिश्रणाचं गणित, लॉट म्हणजे बॅच नंबर, लेबल आणि डिलिव्हरी सगळं एकाच ठिकाणी. आपल्याकडे कुणी हे काम हाती घेतलं की पहिला प्रश्न बहुतेक असाच येतो: "संगणक कुठला घेऊ?"

माझ्या मते प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाला होते. संगणक कधीही बदलता येतो. रुग्णाच्या घरी तुमच्याकडून जातं ते औषध आणि त्यावरचं लेबल. रात्री दहा वाजता फ्रिजमधून बाटली काढणाऱ्या सुनेला किंवा नर्सबाईंना विचारायला तिथे फार्मासिस्ट नसतो, लेबलच असतं. म्हणून आधी लेबल ठरवा, मग त्याला चालणारी रिबन, मग प्रिंटर, मग स्कॅनर, आणि संगणक सगळ्यात शेवटी. खाली त्याच क्रमाने लिहिलं आहे.

लेबलाचा प्रवास कागदावर मांडा

कोटेशन मागवण्याआधी एक बाटली मनातल्या मनात दुकानातून रुग्णाच्या घरापर्यंत नेऊन बघा. औषध मिसळण्याच्या स्वच्छ खोलीतून बाहेर येताना तिच्यावर 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं फिरू शकतं. मग ती 2 ते 8 अंश सेल्सियसच्या फ्रिजमध्ये जाते. तिथून आइसपॅक घातलेल्या पेटीत, पेटी स्कूटरवर किंवा गाडीत. चोडणला जायचं असेल तर रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभी, तीही जुलैच्या पावसात. घरी पोचल्यावर पुन्हा फ्रिज. लावायच्या आधी बाटली बाहेर काढून ठेवतात, तेव्हा आपल्या दमट हवेत तिला पाच मिनिटांत घाम फुटतो. त्या ओल्या लेबलावर कुणाचा तरी अंगठा घासला जातो.

म्हणजे लेबलाला अल्कोहोल, थंडी, पाणी आणि घर्षण ही चारही सोसावी लागतात. साध्या लेझर प्रिंटरच्या ए4 स्टिकरशीटवर छापलेलं लेबल कोरड्या कपाटातल्या गोळ्यांच्या डब्याला ठीक आहे. इथे त्याचा कागद भिजून लगदा होतो.

लेबल, गोंद आणि रिबन

थर्मल छपाईच्या दोन पद्धती आहेत. डायरेक्ट थर्मलमध्ये रिबन नसते. लेबलाच्या कागदावरच उष्णतेने काळा पडणारा थर असतो. कुरियरच्या पाकिटावर दिसतं ते बहुधा हेच. स्वस्त आहे, भरायला सोपं आहे. पण उन्हात तापलेल्या गाडीत सगळा कागद काळवंडू शकतो, नाहीतर दिवसेंदिवस अक्षरं फिकी होत जातात, आणि साध्या डायरेक्ट थर्मल कागदाला अल्कोहोल लागलं की छपाई बिघडते. औषधाच्या बाटलीसाठी ही पद्धत नको. डिलिव्हरीच्या पेटीवर पत्ता चिकटवायला खुशाल वापरा.

दुसरी थर्मल ट्रान्सफर. यात प्रिंटहेड रिबनवरची शाई वितळवून लेबलावर बसवतं. रिबनचे तीन प्रकार: वॅक्स, वॅक्स-रेझिन आणि रेझिन. वॅक्स स्वस्त, कागदावर छान उमटते, पण नखाने खरवडली जाते. वॅक्स-रेझिन मधली. अल्कोहोलपुढे खात्रीने टिकते ती रेझिन, आणि तीही पॉलिप्रॉपिलिनच्या म्हणजे प्लास्टिकच्या लेबलावर. ही जोडी महाग पडते हे खरं. तरी बाटलीवर जाणाऱ्या लेबलासाठी पॉलिप्रॉपिलिन आणि रेझिन यापेक्षा खाली उतरू नका. पैसे वाचवायचे असतील तर ते संगणकावर वाचवा.

रिबन आणि लेबल एकाच पुरवठादाराकडून, एकमेकांवर तपासून घ्या. एका कंपनीची रेझिन रिबन दुसऱ्या कंपनीच्या प्लास्टिकवर नीट बसेलच असं नाही. रिबनची रुंदी लेबलापेक्षा थोडी जास्त हवी. 100 मिलिमीटरच्या लेबलाला 110 ची रिबन घेतात, म्हणजे प्रिंटहेडच्या कडा लेबलावर थेट घासत नाहीत. रिबनचा कोअर म्हणजे मधली नळी अर्धा इंच की एक इंच, आणि शाई बाहेरच्या बाजूला की आतल्या, हे प्रिंटरच्या माहितीपत्रकात बघून मगच ऑर्डर द्या. हातातली रिबन कुठल्या बाजूची आहे ते ओळखायला लेबलाची चिकट बाजू तिच्यावर दाबून काढा. शाई निघून आली ती शाईची बाजू.

आता गोंद, ज्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. आपल्याकडे सलाईन पुष्कळदा पिशवीत नसून अर्धवट कडक प्लास्टिकच्या बाटलीत येतं. ही बाटली बहुधा एलडीपीई नावाच्या प्लास्टिकची असते आणि तिच्यावर साधा गोंद नीट धरत नाही. बाटली गोल असल्यामुळे लेबलाच्या कडा आधी उचलल्या जातात, ओल आत शिरते, आणि दोन दिवसांत लेबल सुटतं. पुरवठादाराला नुसतं "चांगलं चिकटणारं" असं सांगू नका. एलडीपीईवर वापरायचं आहे, थंडीत राहणार आहे आणि औषधाच्या डब्याला चालणारा गोंद हवा, असं स्पष्ट लिहून द्या. हा शेवटचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण पातळ प्लास्टिकमधून गोंदातले घटक आत झिरपू शकतात. याच कारणासाठी पिशवीवर मार्करने थेट लिहायचं नाही. जे लिहायचं ते लेबलावर.

लेबल नेहमी कोरड्या, खोलीच्या तापमानाला असलेल्या बाटलीवर लावा आणि मग फ्रिजमध्ये ठेवा. थंड, ओल्या बाटलीवर गोंदाचा भरवसा धरता येत नाही.

मापांचं म्हणाल तर मोठ्या पिशव्यांना 100 बाय 75, लहान बाटल्यांना 100 बाय 50 आणि सिरिंजला 50 बाय 25 मिलिमीटर अशी तीन मापं बहुतेकांना पुरतात. पण मापं ठरवण्याआधी तुमच्या रोजच्या वापरातल्या बाटल्या समोर ठेवून कागदाचे तुकडे कापून चिकटवून बघा. उत्पादकाचं नाव, लॉट, मुदत आणि मिलिलिटरच्या खुणा झाकल्या जाता कामा नयेत. 100 मिलीच्या बाटलीवर हे साधणं वाटतं तितकं सोपं नाही.

प्रिंटर

झेब्रा, टीएससी, हनीवेल या कंपन्यांचे टेबलावर मावणारे थर्मल ट्रान्सफर प्रिंटर भारतात सहज मिळतात. कंपनीपेक्षा तीन गोष्टी बघा: डीपीआय (एका इंचात किती ठिपके), नेटवर्क पोर्ट आणि गोव्यात दुरुस्तीला येणारा माणूस.

डीपीआय 203 असेल तर एक ठिपका 0.125 मिलिमीटरचा होतो. 300 असेल तर साधारण 0.085. सिरिंजच्या छोट्या लेबलावर औषधाचं नाव, डोस आणि बारकोड बसवायचा असेल, त्यातही देवनागरीत सूचना छापायच्या असतील, तर 300 घ्या. 203 वर बारीक देवनागरी छापली की जोडाक्षरांचा गठ्ठा होतो आणि अनुस्वार हरवतो. 600 ची इथे गरज नाही.

नेटवर्क पोर्ट असलेला प्रिंटर घेऊन त्याला स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा नेटवर्कवरचा पत्ता, द्या. यूएसबीचा प्रिंटर एका संगणकाला बांधला जातो, आणि तो संगणक बसला की छपाईही बसते. शक्य असेल तर एकाच मॉडेलचे दोन प्रिंटर घ्या. एकाच मॉडेलचे अशासाठी की रिबन, रोल, सेटिंग आणि प्रिंटहेड सगळं एकमेकांना चालतं.

प्रिंटर स्वच्छ खोलीच्या आत ठेवू नका. रोलचा कोअर पुठ्ठ्याचा असतो, कापलेल्या कडांचा भुसा उडतो. जिथे लॅमिनार फ्लोखाली, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोतात, औषध मिसळलं जातं तिथे हे चालत नाही. प्रिंटर बाहेर, लेबलं छापून ट्रेमधून आत.

नवा रोल घातला की कॅलिब्रेशन करा, म्हणजे दोन लेबलांमधली फट सेन्सरला कळते. रेझिन रिबनला उष्णता जास्त आणि वेग कमी लागतो. घाई म्हणून वेग वाढवला की अक्षरं भुरकट येतात. रिबन बदलताना दरवेळी प्रिंटहेड अल्कोहोलच्या पुसणीने पुसा. छापलेल्या लेबलावर एक बारीक उभी पांढरी रेघ सतत दिसू लागली तर तो हेडचा ठिपका गेलेला असू शकतो. पुसूनही रेघ राहिली तर हेड बदला. तीच रेघ दशांश चिन्हावरून गेली तर काय होईल याचा विचार करा.

लेबलावर काय आणि कसं

सॉफ्टवेअर दाखवायला येणाऱ्या माणसाकडे लेबलाचा तयार नमुना असतो. तो तसाच घेऊ नका, आपला मागा. एका साध्या बाटलीचं लेबल मला असं हवं असतं:

रुग्णाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक
मेरोपेनेम 1 ग्रॅम
नॉर्मल सलाईन 100 मिलीमध्ये
शिरेतून, 30 मिनिटांत
दर 8 तासांनी
तयार केलं: 12 जुलै, सकाळी 9:30
यानंतर वापरू नये: तारीख आणि वेळ
फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका
बनवणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं
फार्मसीचं नाव, रात्रीही उचलला जाणारा फोन
बारकोड

यातली प्रत्येक ओळ भांडून मिळवण्यासारखी आहे. नाव मोठ्या अक्षरांत हवंच, पण नुसत्या नावावर गोव्यात विसंबता येत नाही. एका वाड्यावर त्याच नावाचे दोन नाईक किंवा दोन फर्नांडिस सहज सापडतात, म्हणून जन्मतारीख किंवा क्रमांक ही दुसरी ओळख प्रत्येक लेबलावर हवी. मुदतीत तारखेबरोबर वेळही हवी, कारण मिसळलेल्या मेरोपेनेमचं आयुष्य तासांत मोजतात. तो आकडा सॉफ्टवेअरने औषध, द्रावण आणि तापमान बघून सुचवावा आणि फार्मासिस्टने उत्पादकाच्या माहितीवरून पक्का करावा. महिना अक्षरांत लिहा. 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे, हा प्रश्न रुग्णाच्या घरी उठताच कामा नये.

आकड्यांचे काही नियम सॉफ्टवेअरमध्येच कायमचे बसवून घ्या. 10 मिलिग्रॅम लिहायचं, 10.0 नाही. टिंब दिसलं नाही तर दहापट डोस होतो. उलट अर्ध्यासाठी .5 नाही, 0.5. इन्सुलिन किंवा हेपारिनला युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. आणि डोसाचे सगळे आकडे एकाच लिपीत. मराठी सूचनेत देवनागरी आकडा आला तर १ हा घाईत 9 वाचला जातो आणि ४ हा 8. अक्षरं देवनागरीत, आकडे 1, 2, 3 असेच, हे मी आग्रहाने सांगतो.

देवनागरीबद्दल आणखी एक अडचण तुम्हाला विक्रेता आपणहून सांगणार नाही. थर्मल प्रिंटरच्या पोटातल्या तयार फॉन्टमध्ये सहसा देवनागरी नसते. सॉफ्टवेअर झेडपीएल किंवा टीएसपीएल या प्रिंटरच्या भाषेत मजकूर पाठवत असेल, तर मराठीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. फॉन्ट घालूनही पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडू शकते आणि जोडाक्षरं तुटू शकतात. यावर उपाय म्हणजे मराठी मजकूर चित्र करून पाठवणं. ड्रायव्हरमधून छापलं तर विंडोज हे काम करून देतं. बारकोड मात्र प्रिंटरच्या स्वतःच्या भाषेतच छापा, कारण चित्र लहान-मोठं केलं की पट्ट्यांची जाडी ठिपक्यांत नीट बसत नाही आणि स्कॅनर अडतो. पीडीएफला पानात बसवण्याचा पर्याय चालू राहिला तरी हाच त्रास होतो. डेमोच्या वेळी "शिरेतून", "प्रतिजैविक", "गोठवू नका" हे तीन शब्द छापून मागा. दोन मिनिटांत खरं काय ते कळतं.

औषधाचं नाव, डोस आणि वेग इंग्रजीतही ठेवा, कारण नर्सच्या आणि डॉक्टरांच्या कागदांवर ते तसं असतं. घरच्यांसाठीच्या सूचना कुठल्या भाषेत, हे रुग्ण नोंदवतानाच विचारून घ्या: मराठी, देवनागरी कोकणी, रोमी (रोमन लिपीतली) कोकणी की इंग्रजी. सासष्टीतल्या एखाद्या घरी देवनागरी कुणाला वाचता येत नसेल, तर सुंदर मराठी लेबलाचा तिथे काही उपयोग नाही. सॉफ्टवेअरमध्ये रुग्णागणिक भाषा निवडता येत नसेल तर तो विकत घेण्याआधीचा प्रश्न आहे, नंतरचा नव्हे.

स्कॅनर

जुन्या लेझर गनला फक्त पट्ट्यांचा बारकोड कळतो. चौकोनी कोडही वाचणारा टूडी इमेजर घ्या. 1 ऑगस्ट 2023 पासून औषध नियमांच्या एच2 परिशिष्टातल्या 300 ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे, आणि तो वाचता आला तर बॅच व मुदत हाताने टाईप करावी लागत नाही. सिरिंजवर जागा कमी, तिथे डेटामॅट्रिक्स हा छोटा चौकोनी कोड वापरा. पट्ट्यांचाच बारकोड लावायचा असेल तर त्याची लांबी सिरिंजच्या लांबीच्या दिशेने ठेवा. आडवा गुंडाळला तर अर्ध्या पट्ट्या मागे जातात.

संगणक आणि जाळं

सॉफ्टवेअर दोन प्रकारचं असतं: ढगातलं म्हणजे इंटरनेटवर चालणारं, किंवा तुमच्याच सर्व्हरवर डेटाबेस ठेवणारं. पहिल्याला साधा संगणक पुरतो, पण नेट गेलं की काम थांबतं. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्या, एक फायबर आणि एक मोबाईल डेटाची. दुसऱ्याला एक वेगळा संगणक सर्व्हर म्हणून द्या. काउंटरवरचा बिलाचा संगणकच सर्व्हर करण्याचा मोह टाळा.

कामाच्या संगणकाला 16 जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. त्याहून महागड्या यंत्रात पैसे घालू नका, त्यापेक्षा दुसरा मॉनिटर घ्या. एका पडद्यावर डॉक्टरांचा आदेश आणि दुसऱ्यावर लेबल शेजारीशेजारी दिसलं तर तपासणारा चूक पकडतो. जुना वापरलेला संगणक घेत असाल तर विंडोज 11 त्यावर चालतं का ते बघा. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली आहे आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. रुग्णांची माहिती अशा उघड्या पडलेल्या यंत्रात ठेवणं गैर आहे.

प्रिंटर आणि कामाचे संगणक केबलने जोडा, वायफायवर नको. स्वच्छ खोलीत पडदा हवाच असेल तर पुसता येणारा टॅब आणि धुता येणारा कीबोर्ड, पंख्याचा संगणक नाही. डिलिव्हरीवाल्याच्या फोनवरचं ॲप नेटशिवायही सही आणि स्कॅन साठवून ठेवणारं हवं. सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ भागात रेंज जाते आणि मुलगा दारात उभा राहून फोन हलवत बसतो.

बॅकअप रोज, तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक इमारतीबाहेर. आणि महिन्यातून एकदा तो परत उघडून बघा.

वीज आणि पाऊस

मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाबरोबर विजा येतात आणि पुढचे चार महिने दिवे ये-जा करत राहतात. सर्व्हर, राउटर, थर्मल प्रिंटर आणि फ्रिजचा तापमान नोंदवणारा लॉगर यूपीएसवर ठेवा. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसला लावू नका, तो एकदम जास्त करंट ओढतो आणि सगळं एकत्र बसतं. औषधांच्या फ्रिजला इन्व्हर्टर किंवा जनरेटर वेगळा. वायरमनला उन्हाळ्याच्या शेवटी बोलावून अर्थिंग मीटरने मोजून घ्या. जमीन कोरडी असताना ते सगळ्यात कमकुवत असतं, आणि आपल्या जांभ्याच्या जमिनीत हे टाळून चालणार नाही. आकाशातली वीज विजेच्या केबलमधूनच नव्हे, नेटच्या तारेतूनही आत येते, म्हणून त्या तारेलाही सर्ज प्रोटेक्टर हवा.

किनाऱ्याजवळ दुकान असेल तर खारी हवा पोर्ट आणि स्क्रू खाते. यंत्रं एसीच्या खोलीत ठेवा, लेबलांचे रोल सिलिका जेल घालून बंद डब्यात. रेझिन रिबनचा आणि लेबलांचा निदान दोन महिन्यांचा साठा असू द्या. माल घाटावरून येतो, पावसात घाट कधीकधी बंद होतो, आणि चवथीच्या आठवड्यात कुणाचंच कुरियर वेळेवर पोचत नाही.

नोंदी

सेफ्ट्रायॲक्सोन, मेरोपेनेम यांसारखी घरी दिली जाणारी अनेक अँटिबायोटिक्स एच1 परिशिष्टात येतात. त्यांची वेगळी नोंदवही, म्हणजे डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते, तीन वर्षं ठेवावी लागते. सॉफ्टवेअरने ही नोंद लेबल छापतानाच आपोआप तयार करावी. पुन्हा छापलेलं प्रत्येक लेबल कुणी, कधी आणि का छापलं हेही नोंदलं जायला हवं. एकाच डोसाची दोन लेबलं मोकळी फिरणं धोक्याचं आहे. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यामुळे रुग्णांच्या माहितीची जबाबदारीही तुमच्यावर येते, तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचा पासवर्ड द्या. निर्जंतुक मिश्रण करण्यासाठी कुठला परवाना आणि कशी जागा लागेल, हे यंत्रांवर एक रुपया घालण्याआधी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन विचारा.

पैसे देण्याआधीची चाचणी

पुरवठादाराकडून लेबलाचा आणि रिबनचा नमुना मागा. कुणी देत नसेल तर तिथून घेऊ नका. तुमच्याच बाटलीवर, तुमच्याच मजकुराचं लेबल छापून लावा आणि एक दिवस तसंच राहू द्या. मग अल्कोहोलच्या फडक्याने वीसेक वेळा पुसा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बर्फ वितळलेल्या पाण्यात तासभर बुडवा, बाहेर काढून घाम फुटू द्या आणि अंगठ्याने जोर लावून घासा. कडा उचलल्या आहेत का बघा, बारकोड स्कॅन करा. मग चष्मा लागणाऱ्या घरातल्या कुणाला तरी मंद दिव्यात औषधाचं नाव, डोस आणि मुदत वाचायला सांगा. ते अडखळले तर अक्षर वाढवा, जागा कमी पडत असेल तर जाहिरातीचा लोगो काढा.

शेवटी विक्रेता समोर असतानाच मेन स्विच बंद करा. यूपीएसवर चाललेला प्रिंटर अर्धं लेबल सोडतो का, वीज परत आल्यावर सॉफ्टवेअर तेच लेबल दुसऱ्यांदा आपोआप छापतं का, आणि मधल्या काळात तातडीचं लेबल हाताने कसं लिहायचं याचा कोरा नमुना प्लास्टिक लेबलावर छापून ठेवलेला आहे का, हे सगळं बघून मग चेकवर सही करा.